कुबडी आणि घुंगरू

ट्रेमध्ये तीन वस्तू आल्यात:
एक कुबडी, करंगळीच्या पेराएवढी,
एक घुंगरू, चिखलाने तोंड बुजलेलं,
आणि पिशवीत वेगळा बांधलेला चिखल,
गॅरडने स्वतःहून दिलेला,
‘लागला तर असू दे’ म्हणून.

किंग्ज लिनमध्ये साडेसात वाजून गेले तरी अंधार.
खिडकीखाली ऊझ नदी ओहोटीला लागलीय,
उघड्या पडलेल्या गाळात पक्षी चोची घालतायत.
मी दिवा खाली ओढते.

थर्लोबाईंचं म्हणणं, हे हॉलंडच्या सरदारांचं.
संत अँथनीच्या नावाने शपथ घेतलेली मंडळी,
सहाशे वर्षांपूर्वीची.
बैराग्याच्या कमरेची दोरी सोन्यात घडवायची,
गळ्यात घालायची,
दोरीला त्याची कुबडी, कुबडीला त्याची घंटा.
आणि तुर्कांवर चालून जायचं.
‘गेले?’ मी विचारते.
बाई चष्मा पुसतात.
‘काही जण. बहुधा.’

गॅरडचं म्हणणं, हे डुकराचं.
त्याच संताची डुकरं गावभर मोकाट फिरायची,
गळ्यात घंटा म्हणून कुणी हाकलायचं नाही,
देवाला सोडलेल्या वळूसारखी.
बिटाच्या शेतात चर उकरताना सापडलंय,
सरदार कशाला मरायला येईल माझ्या चरात?
‘डुक्कर कुबडी घेऊन फिरत नाही, मिस्टर गॅरड.’
‘संधिवात असेल.’

मी कुणाच्याच बाजूची नाही.
मी हुपरीची.
आमच्या गल्लीत कोंबडा आरवायच्या आधी हातोडी वाजायची.
बाबा, बाळगोंडा, पैंजणांची घुंगरं जोडायचे
शेकड्यावर मजुरीने:
दोन वाट्या, आत खडा, कडेने डाख.
डाख जास्त झाला की आत उतरून खडा धरून ठेवतो,
कमी झाला की चालता चालता तोंड उघडतं.
प्रत्येक घुंगरू ते कानाशी नेऊन हलवायचे.
मुकी निघालेली वेगळ्या डब्यात.
त्या डब्याला आई ‘सासर’ म्हणायची
आणि एकटीच हसायची.

भिंगाखाली सांधा मोठा होत जातो.
एका बाजूला डाखाचा ओघळ.
घाईत कुणीतरी पुन्हा जोडलंय,
हाताखालच्या पोराने असेल, मालक जेवायला गेला असताना.
ओघळाच्या खाली, सुईचं टोकही जेमतेम पोचेल अशा खाचेत
पिवळे कण. मोजले. चार.
सोनंच.

म्हणजे बाई जिंकल्या.

मग कडी फिरवून बघते.
अंगावर सुरीचे ओरखडे, सगळे एका दिशेने.
मुलामा झिजलेला नाही, खरवडून काढलाय.
आणि कडीची आतली कड खोल खाल्लेली,
साखळीने अशी खात नाही,
जाड सुतळीने खाते, वर्षानुवर्षं
मान खाली घालून चरणाऱ्या कशाच्या तरी.

ती शपथ कुठल्या बंदरात गहाण पडली,
सुरी कुणाची होती,
भाकरी किती दिवसांची झाली त्या सोन्यात,
हे काही भिंगात दिसत नाही.

दहा वाजेपर्यंत काट्याने चिखल काढते.
आत खडा आहे. गंजून बुडाला चिकटलेला.
स्पिरिटचा एक थेंब. थांबायचं. अजून एक.
वस्तू हलवायची नाही असा इथला नियम,
मीच टाइप करून भिंतीला लावलेला.

दाराकडे बघून
हातमोज्यातल्या दोन बोटांत धरून
कानाशी नेते.

खट्.

रुणझुण वगैरे काही नाही.
दाताखाली डाळीतला खडा यावा तसं, एकदाच.

बाबा असते तर क्षणभर थांबले असते
डब्याकडे जाणारा हात तसाच ठेवून.

फॉर्मवर लांबी, वजन, धातू, झीज,
आवाजाला रकाना नाही.
खाली गॅरडने गाडी दारातच लावलीय,
थर्लोबाई जिन्यावर, विचारतायत, कळलं का काही.
‘थांबा,’ मी म्हणते,
‘अजून ओलं आहे.’